छबुबाईचं दूध आणि खाजामियाँचा लेझर

युसूफ वडगावात खाजामियाँला कुणी विचारलं, तुमचा धंदा काय, तर तो जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरतो असं सांगायचा नाही, पंखे-रेडिओ दुरुस्त करतो असंही नाही. "आमी व्होल्टेज देतो," असं सांगायचा. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ज्या मुलखात दिवेलागणीला ट्यूबलाईट नुसती डोळे मिचकावत राहायची आणि टीव्हीवरच्या नट्या चारी बाजूंनी आकसून बसायच्या, तिथं हा माणूस बूस्टर बनवून विकायचा. बूस्टर म्हणजे पत्र्याच्या पेटीत तांब्याच्या तारेचं भेंडोळं, समोर एक बटण आणि एक काटा. बटण फिरवलं की दीडशेवर लोळत पडलेली लाईन दोनशेपर्यंत उठून बसायची. गावातल्या निम्म्या घरांत त्याची पेटी होती, आणि प्रत्येक पेटीवर त्यानं लाल रंगानं स्वतःचं नाव काढलेलं होतं.

माणूस अंगापिंडानं भरलेला, दाढीला मेंदी, सदऱ्याच्या खिशात कायम एक छोटा व्होल्टमीटर. सोनार कसोटी बाळगतो तसा तो हा मीटर बाळगायचा. पाहुण्याच्या घरी गेला तरी पाणी पिण्याआधी बोर्डात दोन पिना खुपसून बघायचा आणि घरमालकाची कीव करायचा. एखादा गडी सुस्तावलेला दिसला की म्हणायचा, "याला आज व्होल्टेज न्हाई." विजेला एकच रोग होतो, अशक्तपणा, आणि त्याला एकच औषध, खुराक वाढवणं, ही त्याची पक्की समजूत. त्यात त्याचा तरी काय दोष? जास्त व्होल्टेज कसं असतं हे त्या भागात कुणी पाहिलंच नव्हतं. पुस्तकात दोनशे तीस लिहिलेलं असतं, ती त्याला लिहिणाऱ्याची हौस वाटायची.

गावातल्या बायकांनी मिळून एक दूध संस्था काढलेली होती. सहकार म्हणजे नवऱ्यांनी निवडणुका लढवायच्या आणि बायकांनी शेण काढायचं, अशी सगळीकडं रीत असताना सत्यभामाबाईंनी ती संस्था उभी केली आणि चालवलीसुद्धा. बाई शिस्तीच्या. दूध पातळ निघालं तर ते परत, आणि सकाळ-संध्याकाळचं संकलन संपल्यावर त्या बाईचं नाव सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा नियम. वरचेवर नाव आलं तर सभासदत्व बंद. हा नियम त्यांनी स्वतःच्या जावेवरही चालवला होता, त्यामुळं कुणाला तोंड उघडायला जागा नव्हती.

दूध तपासायला काचेचं लॅक्टोमीटर होतं. ते सचिव मोहनरावांच्या हातून फुटलं. नवीन आणलं, तेही मोहनरावांच्याच हातून फुटलं. मोहनराव सत्यभामाबाईंचे भाचे, त्यामुळं हात बदलणं शक्य नव्हतं, वस्तू बदलणं भाग होतं. खाजामियाँला हे कळलं आणि तो आपण होऊन संस्थेत गेला. "ताई, आसं यंत्र देतो की मोहनरावांनी आपटलं तरी फुटणार न्हाई," तो म्हणाला.

त्यानं दिलेला दूधकाटा होता मोठा गमतीचा. दोन काचांमधल्या बारीक फटीत दूध भरायचं. एका बाजूनं उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा डोळा. दूध घट्ट असलं तर उजेड अडतो आणि काटा डावीकडं हिरव्या रंगात थांबतो. पातळ असलं तर उजेड आरपार येतो आणि काटा रेघ ओलांडून उजवीकडं लाल रंगात जातो. पहिल्यांदा त्यानं उजेडासाठी बॅटरीतला छोटा बल्ब घरच्या लाईनीवर जोडून लावला. पण लाईन पडली की बल्ब पिवळा व्हायचा, उजेड कमी, आणि मग सगळ्या गावाचं दूध बासुंदी. बल्ब काही कामाचा नाही, हे खाजामियाँनं बरोबर ओळखलं.

मग त्याला नारायणगडच्या जत्रेत घेतलेला लेझर आठवला. चाव्यांच्या जुडग्याला अडकवायची ती नळी. बटण दाबलं की लाल ठिपका पडतो आणि पोरं तो लोकांच्या पाठीवर नाचवतात. त्यानं नळी फोडली, आतला लेझर काढला आणि एलिमिनेटरवर जोडला. एलिमिनेटर म्हणजे घरच्या लाईनीतून तीन व्होल्ट काढून देणारी डबी, रेडिओला लावतात ती. डबी आणि लेझर यांच्यामध्ये करंट बेताचा राहावा म्हणून एक रेझिस्टर ठोकला. लाईन थोडी इकडंतिकडं झाली तरी ठिपका त्याच्या डोळ्यांना तेवढाच लाल दिसला. झालं, त्यानं निकाल देऊन टाकला. "बल्ब मंद होतो. लेझर एकतर पेटतो न्हाईतर न्हाई पेटत. त्याला मधलं काई ठाऊकच न्हाई."

एका सकाळी, संकलन रंगात आलेलं असताना, चार घरचं खात्रीचं दूध घेऊन त्यानं काट्यावर रेघ ओढून दिली. त्या वेळी शेजारी दूध थंड करायचं मशीन घरघरत होतं आणि शिवारातल्या मोटारी पाणी उपसत होत्या. ही बाब तेव्हा लक्षात ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

पुढं दोन हजार बारा-तेराचा तो दुष्काळ आला. विहिरींचा तळ दिसला, मग तळातला गाळ वाळून भेगाळला. मोटारी बंद पडल्या. जळायला मोटार चालावी लागते, तेव्हा खाजामियाँच्या दुकानात जळकी मोटार यायची बंद झाली. बूस्टरही कुणी मागेना. तो दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला व्होल्टेजच्या जुन्या गोष्टी सांगायचा. घरात बायको चाँदबी आणि तिची एक म्हैस, दोघींच्या जिवावर चूल पेटत होती.

संस्थेनं त्या वर्षी एक मोठं काम केलं. ज्या बाईचं दूध संस्थेत येतं तिच्या जनावराला संस्था चारा देणार, असं ठरलं. उसाच्या वाढ्याचा, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचा, ट्रक यायचा आणि पेंढ्या वाटल्या जायच्या. त्या पेंढ्यांवर गावातली कितीतरी दावणी टिकून राहिली.

डोंगरवस्तीची छबुबाई त्यातलीच. नवरा ऊसतोडीला खाली कारखान्याकडं गेलेला. ही मागं राहिली ती एका म्हशीसाठी. तोडीला जायचं नाही, म्हैस सांभाळायची, असं भांडून तिनं ठरवून घेतलं होतं. एरवी ती उन्हं वर आल्यावर बाकीच्या बायकांबरोबर रमतगमत दूध घालायला यायची. पण वस्तीवर टँकर सकाळीच यायला लागला. टँकर गाठायचा तर त्याआधी दूध घालून परत पोचायला पाहिजे. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहू लागली. मोहनराव कुलूप काढायचे तेव्हा छबुबाई पायरीवर असायची.

आणि तेव्हापासून तिचं दूध पातळ निघायला लागलं. काटा रेघ ओलांडून सरळ लालात. मोहनराव बिचारे मान खाली घालून किटली परत द्यायचे. नंतर बायकांच्या रांगेसमोर तिचं नाव वाचलं जायचं. ती तोवर टँकरला निघून गेलेली असायची, पण असं नाव ऐकायला माणूस तिथं असावंच लागतं असं नाही. वस्तीवर ते तिच्या मागोमाग पोचायचं.

एके दिवशी ती रिकामी किटली घेऊन खाजामियाँच्या दुकानात आली.

"खाजाभाऊ, तुमचं यंतर मला चोर म्हणतंय."

"यंत्र कुणाला काई म्हणत न्हाई, आक्का," खाजामियाँ म्हणाला. "उजेड जातो, काटा फिरतो. मधी माणूसच न्हाई."

"मग पाणी मी आणलं कुठून ते त्याला इचारा. दोन घागरीसाठी टँकरमागं पळते मी. ते पाणी पिईन का दुधात घालीन?"

खाजामियाँनं दाढी खाजवली. "बल्ब असता तर मी म्हणलो असतो, चुकला आसंल," तो म्हणाला. "पर लेझर हाय तो."

"सत्यभामाताईनं सांगितलंय, आता नाव आलं तर सभासदकी बंद. सभासदकी गेली की चारा गेला. चारा गेला की म्हैस बाजारात, आन् मी कोयता घिऊन नवऱ्यामागं." छबुबाईनं किटली त्याच्या टेबलावर ठेवली. ती रडत नव्हती, चिडलेली होती. "उद्या तुमी या. तुमच्या डोळ्यादेखत ओतते. मग सांगा कोण चुकतंय."

त्यानं येतो म्हटलं. घरी जेवताना त्यानं ही गोष्ट चाँदबीला सांगितली, बरीचशी आपल्या यंत्राच्या बाजूनं. चाँदबी भाकरी थापत होती. "छबुबाई पानी नै डालती," ती म्हणाली. "तुमाराच काटा डालता होएंगा." खाजामियाँनं तिला लेझर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं तवा उतरवून ठेवला आणि म्हैस बघायला निघून गेली.

सकाळी तो संस्थेत पोचला तेव्हा छबुबाई पायरीवर होतीच. सत्यभामाबाईही मुद्दाम आल्या होत्या. मोहनरावांनी फटीत दूध भरलं, लेझर लावला. काटा उठला, रेघ ओलांडली आणि लालात जाऊन निवांत उभा राहिला. खाजामियाँनं काच पुसली, पुन्हा दूध भरलं. पुन्हा तेच. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंच वाटलं. यंत्र आपल्या शब्दाला जागलं. मग त्यानं छबुबाईकडं पाहिलं आणि बरं वाटणं तिथंच थांबलं.

"न्या किटली," सत्यभामाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"न्हाई नेत," छबुबाई म्हणाली आणि किटलीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. "सगळ्यांचं दूध होऊ द्या. सगळ्यांसमोर परत मापा. मग नाव वाचायचं ते माझ्या तोंडावर वाचा."

थोड्या वेळानं लांबून टँकरचा हॉर्न ऐकू आला. डोंगरवस्तीच्या वाटेनं तो वाजत वाजत गेला. छबुबाईनं मान त्या दिशेला वळवली, पण ती उठली नाही. त्या दिवशीचं पाणी गेलं, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं.

उन्हं आली, रांग लागली, तसं माप घेण्याआधी मोहनरावांनी थंड करायचं मशीन चालू केलं. मशीन घरघरलं, ट्यूबलाईट जरा दबली. एकेकीचं दूध हिरव्यात जात होतं. शेवटी सत्यभामाबाई म्हणाल्या, "आता हिचं परत माप." मोहनरावांनी छबुबाईच्या किटलीतलं दूध फटीत भरलं. काटा उठला, थोडा हलला आणि हिरव्यात थांबला.

बायकोचं दूध घेऊन आलेला आश्रुबा कठड्यावर बसला होता, त्यानं शांतपणे विचारलं, "बसल्या बसल्या घट्ट झालं का? आमच्या म्हशीलाबी उद्या हितं आणून बसवतो." मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणे किटली बदलली, दुसरी म्हणे साय वर आली. मशीनच्या घरघरीत काहीच ऐकू येईना, म्हणून मोहनरावांनी मशीन बंद केलं.

आणि खाजामियाँच्या डोळ्यांसमोर, दुधाला कुणी हात लावलेला नसताना, काटा चालत चालत हिरव्यातून लालात गेला.

तो खुर्चीवरून उठला. गेला आणि त्यानं मशीन चालू केलं. काटा हिरव्यात. बंद केलं. काटा लालात. परत चालू, परत बंद. तेच दूध, तीच काच, आणि काटा मशीनच्या तालावर ये-जा करत होता. आश्रुबा कठड्यावरून उतरून जवळ आला. खाजामियाँनं खिशातला व्होल्टमीटर काढला आणि बोर्डात पिना घातल्या. मशीन बंद असताना मीटर सांगत होता, दोनशे पन्नास.

हा आकडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता; मोटारी बंद पडल्यापासून मीटर खिशाबाहेरच निघाला नव्हता. पहिल्यांदा त्याला जो आनंद झाला त्याला तोड नाही. युसूफ वडगावात दोनशे पन्नास! मग त्याच्या ध्यानात आलं. शिवारातल्या मोटारी बंद, लाईनीला ओढणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती अशी तट्ट फुगली होती. इथलं मशीन चालू झालं की ती खाली दबायची, दोनशेच्याही आत, आणि रेघ ओढली होती ती दबलेल्या लाईनीवर. छबुबाई यायची ती मशीन चालू होण्याआधी. रोज, एकटी ती.

"आक्का," खाजामियाँ म्हणाला. "चोर मी हाय. माझा लेझर चुकला. तुमचं दूध जसंच्या तसं हाय." त्याला खरोखर भरून आलं होतं. इतके दिवस रोज सकाळी या बाईचं नाव वाचलं गेलं आणि आपण खुर्चीत बसून व्होल्टेजच्या गोष्टी सांगत होतो, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

"आसं कसं?" सत्यभामाबाईंनी विचारलं. त्या सहजासहजी कशाला मान डोलावणाऱ्या नव्हत्या. "तुमीच म्हणला होता, लेझर मंद होत न्हाई."

खाजामियाँनं व्होल्ट, करंट, रेझिस्टर असं सुरू केलं, पण समोरचे चेहरे बघून थांबला. मग त्याची नजर रांगेतल्या एका बाईजवळच्या रिकाम्या घागरीवर गेली.

"ताई, समजा तुमच्या घरी रोज तीन घागरी पाणी येतं. पिण्या-रांधण्याला सव्वादोन ठरलेल्या. त्यात कमी न्हाई, जास्त न्हाई. उरलेल्या पाऊण घागरीत धुणंभांडी. बरं, एक दिवस पाव घागर जास्त आली. पिण्याचं वाढतं का?"

"पिण्याचं कावून वाढंल? ते धुण्याला जातं."

"म्हंजी घरात पाणी वाढलं बाराव्या हिश्श्यानं, पर धुणं वाढलं तिसऱ्या हिश्श्यानं. आसंच हाय हे. डबी तीन व्होल्ट देती. सव्वादोन लेझर सोताजवळ ठेवतो, ठरलेले. उरलेला पाऊण रेझिस्टरवर, आन् त्या पाऊणवरच करंट ठरतो. लाईन जराशी वाढली की ती वाढ सगळीच्या सगळी त्या पाऊणवर. करंट लई वाढतो. आन् लेझर एकदा पेटला की जेवढा करंट तेवढा उजेड फेकतो. डोळ्याला ठिपका तेवढाच लाल दिसतो, पर यंत्राच्या डोळ्याला कळतं."

"मंजी उजेड जास्त झाला, आन् त्याला वाटलं दूध पातळ," छबुबाई म्हणाली.

"आगदी तसंच, आक्का."

"ठीक हाय. पर माझा टँकर गेला."

सत्यभामाबाईंनी आपल्या घरून दोन घागरी वस्तीवर पोचवायला सांगितल्या. मग त्या खाजामियाँकडं वळल्या. "काटा नीट करा. तोवर नाव कुणाचंच वाचणार न्हाई. आन् नीट झाला की मी सोता तपासीन."

खाजामियाँ दूधकाटा बगलेत मारून दुकानात आला. लाईन वाढली तर वाढो, पडली तर पडो, लेझरला करंट तेवढाच मिळाला पाहिजे. कॅनॉलला पाणी कितीही असलं तरी शेताकडं जाणाऱ्या चारीचं दार तेवढंच सोडतं, तसं दार हवं. असं दार त्याच्याकडं होतं. जुन्या टीव्हीतून काढलेला तीन पायांचा रेग्युलेटर, त्याला एक छोटा रेझिस्टर लावला की तो करंट बांधून ठेवतो. त्यानं तो मध्ये बसवला आणि लेझर लावला. ठिपका पडला तो अगदीच मरतुकडा.

त्यानं बराच वेळ डोकं खाजवलं. मग त्याला हसू आलं. दारवानालासुद्धा उभं राहायला जागा लागते! तीन व्होल्टांतले सव्वादोन लेझरनं घेतल्यावर रेग्युलेटरला काम करायला उरलंच काय? इथं मात्र खुराक वाढवायलाच हवा होता. त्यानं तीनऐवजी नऊ व्होल्टांची डबी लावली. ठिपका भिंतीवर ठसठशीत उमटला. जादा व्होल्ट रेग्युलेटर स्वतः सोसत होता आणि त्यापायी तापत होता, म्हणून त्याच्या पाठीला त्यानं ॲल्युमिनियमची पट्टी बांधली.

दुपारी चाँदबी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो आपल्याच बूस्टरच्या तारा उलट-सुलट जोडून त्याचं बटण फिरवत होता आणि काट्याकडं बघत होता. "ये देख," तो म्हणाला. बटण तळाशी नेलं, लाईन दीडशे. काटा जागच्या जागी. बटण वर नेलं, लाईन अडीचशेच्या पुढं. काटा जागच्या जागी. त्यानं तिलाही फिरवून बघायला लावलं.

"हिलताच नै," चाँदबी म्हणाली.

"नै हिलता," तो म्हणाला. व्होल्टेज वाढवून काहीच फरक पडत नाही, याचा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदाच होत होता.

आता रेघ नव्यानं ओढायची होती, आणि त्यासाठी खात्रीचं दूध हवं होतं. सत्यभामाबाईंनी ठरवलं की दूध छबुबाईच्याच म्हशीचं घ्यायचं, आणि तेही संस्थेच्या अंगणात, सगळ्यांसमोर काढून. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर छबुबाई म्हैस घेऊन डोंगरवस्तीवरून चालत आली. म्हशीच्या शिंगांना तेल लावलं होतं. वाटेत विचारणाऱ्याला ती सांगत होती, "रेघ ओढायला चालले." अंगणात तिनं धार काढली, मोहनरावांनी दूध फटीत भरलं, आणि काटा जिथं थांबला तिथून दोन बोटं उजवीकडं खाजामियाँनं लाल रेघ ओढली. मशीन बंद ठेवून बघितलं, चालू करून बघितलं. काटा हलला नाही. ज्या बाईचं दूध पातळ म्हणून परत जात होतं, तिच्याच दुधावर आता गावाचं दूध मापलं जाणार होतं. छबुबाई काट्याकडं बघत उभी राहिली आणि तिनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती, ते मोहनरावांना कळलं नाही; दोन्ही होतं.

"आता नियम परत चालू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पातळ निघालं की नाव."

संध्याकाळचं संकलन सुरू झालं. खाजामियाँ मोठ्या रुबाबात काट्याशी बसला होता. घरोघरी दिवे लागले होते, त्याचे बूस्टर लाईन ओढत होते, ट्यूबलाईट डोळे मिचकावत होती, आणि दूधकाटा या सगळ्याची पर्वा न करता आपलं काम करत होता. दोघी-तिघी झाल्या आणि चाँदबी किटली घेऊन पुढं आली. तिचं दूध नेहमी संध्याकाळी यायचं आणि नेहमी पहिल्या नंबराचं निघायचं. त्यानं कौतुकानं फटीत दूध भरलं.

काटा उठला, रेघेशी आला आणि ती ओलांडून पलीकडं जाऊन बसला.

काट्याचं तोंड खाजामियाँकडं होतं. आणखी कुणाला तो दिसत नव्हता. एवढे दिवस संध्याकाळच्या पडलेल्या लाईनीत लेझर मंद व्हायचा आणि आपल्या घरचं दूध घट्ट दिसायचं, हे त्याला एका क्षणात कळलं. यंत्र अजून तापलं नाही, असं म्हणता आलं असतं. काच पुसायची राहिली, असंही म्हणता आलं असतं. नवऱ्याच्या हातात यंत्र असताना एवढं कुणी विचारलंही नसतं. चाँदबी त्याच्याकडं बघत होती. भिंतीशी छबुबाई म्हशीचा कासरा धरून उभी होती, आणि तीही त्याच्याकडं बघत होती.

खाजामियाँनं संकलन संपायची वाट बघितली नाही. "चाँदबी खाजामियाँ," तो म्हणाला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "दूध पातळ."

चाँदबीचा चेहरा उतरला, पण मान काही खाली गेली नाही. "धार काढून झाल्यावर चरवी इसळते," ती म्हणाली. "ते पानी दुधात घालते. तांब्याभर आसतं. दुष्काळात पानी फेकू कुठं? फेकायला जीव होत न्हाई."

यावर हसायला हवं होतं, आणि आश्रुबा हसलाही. पण रांगेतल्या बऱ्याच जणी एकाएकी आपापल्या किटलीचं झाकण नीट बसवू लागल्या. सत्यभामाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांनाच हसू आवरेना. "उद्यापास्नं इसळलेलं पाणी म्हशीला," त्या म्हणाल्या. "आजचं सोडून देते. सगळ्यांचंच."

चाँदबीनं किटली उचलली. नवऱ्याकडं न बघता ती फाटकाकडं चालू लागली. तेव्हा छबुबाईनं कासरा मोहनरावांच्या हातात दिला, भराभर तिच्यामागं गेली आणि किटलीच्या कडीला आपलाही हात लावला.

"चला भाभी, मी येते घरापोतर," ती म्हणाली. "परत आलेली किटली घिऊन एकटीनं घरी जाणं लई लांब पडतं. मी रोज गेलते."

खाजामियाँ संकलन संपवून घरी गेला तेव्हा त्याला कोरा चहा मिळाला. दूध असूनही मिळाला. त्यानं तक्रार केली नाही. आत चुलीपाशी छबुबाई आणि चाँदबी दूध घातलेला चहा पीत कसल्यातरी गोष्टीवर हसत होत्या, आणि कशावर ते विचारायची त्याची हिंमत झाली नाही.